मुलांच्या शिकण्याच्या तऱ्हा आणि आपले माप

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या निमित्ताने मुलांच्या शिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आपल्या चिटणीसबाईंची आज्ञा झाली. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून मी पुष्कळ वर्षे शिकवले, त्यामुळे विषयासाठी फार दूर जावे लागले नाही. हळदीकुंकवाला, लग्नकार्यात, एस.टी.च्या थांब्यावर आईबाप मला जे विचारतात, तेच आज घेतले आहे. "बाई, धाकटीला सगळे समजते, पण पेपरात उतरत नाही. थोरला दहादा वाचतो, पण त्याच्या लक्षात राहत नाही. एकाच घरची, एकाच ताटात जेवणारी ही मुले, मग असे का?"

हा प्रश्न साधा नाही. त्याचे उत्तर चुकले तर मुलाचे, आणि त्याहून अधिक मुलीचे, सारे आयुष्य चुकीच्या वाटेला लागते. "हिला शाळेत गती नाही" हे वाक्य आपल्याकडे किती सहज बोलले जाते! मुलाविषयी असे बोलले गेले, तर निदान त्याची शिकवणी लावतात. मुलीविषयी बोलले गेले की तिच्यासाठी स्थळे पाहू लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९–२१ साली असे आढळले की, महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे बावीस जणींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झालेले होते. याची कारणे अनेक आहेत, दारिद्र्य आहे, दुष्काळ आहे. पण शाळेने आणि घराने मिळून मुलीवर मारलेला "मठ्ठ" हा शिक्का हेही त्यातले एक कारण आहे, असे मी पाहिले आहे. म्हणून तो शिक्का कशाच्या आधारावर मारला जातो, हे आपण तपासले पाहिजे.

अलीकडे एक विचार फार लोकप्रिय झाला आहे. कोणी मूल पाहून शिकणारे, कोणी ऐकून शिकणारे, कोणी हाताने करून शिकणारे. ज्याची जी तऱ्हा, त्याला त्या तऱ्हेनेच शिकवावे. अमेरिकेतील हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली बुद्धी एक नसून अनेक प्रकारच्या असतात असे मांडले. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी १९९२ च्या सुमारास पाहणे, ऐकणे, वाचणे-लिहिणे आणि करून पाहणे असे चार प्रकार सांगून त्यांची प्रश्नावली तयार केली. शिक्षकांच्या प्रशिक्षणांतून हे विचार आपल्या केंद्रशाळांपर्यंत आले. गार्डनर यांनी पुढे स्वतःच स्पष्ट केले की, आपण बुद्धीविषयी बोललो, शिकण्याच्या तऱ्हांविषयी नव्हे; परंतु लोकांनी दोन्हींची सरमिसळ करून टाकली.

हा विचार ऐकायला गोड वाटतो, कारण त्यात मुलाविषयी माया आहे. पण तो खरा आहे का? हे ठरवण्याची कसोटी सोपी आहे. पाहून शिकणारी म्हणवणारी काही मुले घ्यावीत आणि ऐकून शिकणारी काही घ्यावीत. दोन्ही गटांतील अर्ध्या मुलांना चित्रांनी शिकवावे, अर्ध्यांना बोलून शिकवावे आणि शेवटी सर्वांची परीक्षा एकच घ्यावी. पहिल्या गटाला चित्रांचा आणि दुसऱ्याला बोलण्याचा अधिक लाभ झाला, तरच हा विचार सिद्ध होईल. २००८ साली अमेरिकेतील चार मानसशास्त्रज्ञांनी तोवरचे संशोधन या कसोटीवर तपासले. अशी नीट परीक्षा फार थोड्यांनी घेतली होती, आणि ज्यांनी घेतली त्यांपैकी बहुतेकांना तसा लाभ दिसला नाही.

तेव्हा, भगिनींनो, जुना "मठ्ठ"चा शिक्का पुसून त्या जागी "हा पाहून शिकणारा" असा नवा शिक्का मारू नका. तोही शिक्काच आहे. ज्याला आपण "ऐकणारा" ठरवले, त्याच्या हाती पुस्तक कमी पडेल. जिला "हाताने करणारी" ठरवले, तिला शिवणकामाकडे वळवू आणि गणितापासून दूर ठेवू. पद्धत ठरते ती मुलावरून कमी, आणि शिकायच्या गोष्टीवरून अधिक. आपल्या जिल्ह्याचा नकाशा पाहिल्यावाचून कोणालाच समजणार नाही. अंबड कोठे, भोकरदन कोठे, हे बोटाने दाखवावेच लागते. कवितेची चाल ऐकल्यावाचून कळत नाही. भाकरी थापणे व्याख्यान ऐकून कोणाला आले आहे? आणि कठीण गोष्ट ऐकली, पाहिली, हाताळली, मग स्वतःच्या शब्दांत सांगितली, तर ती सर्वांनाच अधिक पक्की होते.

मग मुलांमुलांत फरक नाहीत काय? आहेत, आणि मोठे आहेत. पण ते डोळ्या-कानांच्या आवडीपेक्षा वेगळ्या ठिकाणी आहेत.

पहिला फरक भाषेचा. मंठा-परतूरकडच्या तांड्यांवरील मूल घरी गोरबोली बोलते. आपल्या शहरातील कित्येक घरांत दखनी बोलतात. खेड्यातले मूल आपल्या मराठवाडी बोलीत बोलते. ही सगळी मुले पहिल्या दिवशी पुस्तकातील मराठीपुढे येऊन बसतात. निजामी राजवटीत, १९४८ पूर्वी, वरच्या वर्गांत शिकायचे तर उर्दूवाचून गत्यंतर नव्हते. परक्या भाषेत शिकताना हुशार मुलाचीही जीभ कशी अडखळते, हे आपल्या घरांतील मागच्या पिढ्यांनी सोसले आहे. तांड्यावरची मुलगी वर्गात गप्प बसते तेव्हा तिला उत्तर येत नसते असे नाही. पुष्कळदा फक्त शब्द येत नसतो.

दुसरा फरक हजेरीचा. घनसावंगी, अंबड, मंठा, परतूर या भागांतील किती कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मुले मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तरी कित्येक मुले कोयत्याबरोबर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. अशा मुलीला पाचवीचा भागाकार देणे म्हणजे मधल्या पायऱ्या काढून घेतलेल्या जिन्यावर तिला चढ म्हणणे होय.

तिसरा फरक शरीराचा. फळ्यावरचे न दिसणारे मूल, कानाने कमी ऐकणारे मूल, उपाशीपोटी आलेले मूल "लक्ष देत नाही" म्हणून बोलणी खाते. काही मुलांना बुद्धी चांगली असूनही अक्षरे जुळवताना, लिहिताना किंवा आकडेमोड करताना विशेष अडचण येते. २००७ सालच्या 'तारे जमीन पर' या चित्रपटामुळे ही गोष्ट घराघरांत कळली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात जे एकवीस प्रकार दिले आहेत, त्यांत या अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. रीतसर प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक, अशा सवलती मिळतात. हा मेहेरबानीचा नव्हे, हक्काचा भाग आहे. पण माहिती नसल्याने कित्येक आईबाप तो मागत नाहीत.

हे फरक ओळखून शिकवणे आपल्या महाराष्ट्राला नवे नाही. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केले आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला. १९४५ साली ताराबाई ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले होते आणि थोड्याच महिन्यांत त्यांना वैधव्य आले होते. ज्या मुलीचे आयुष्य संपले असे लोक म्हणाले असतील, तिने पुढे हजारो मुलांचे आयुष्य सुरू करून दिले. वस्तीवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर चालतो, त्याचे मूळ तेथे आहे. १९५७ साली त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तेथील आदिवासी मुले गुरे राखायला जात, शाळेला कशी येणार? तेव्हा शाळाच गुरांमागे गेली आणि तिला नाव पडले कुरणशाळा. माँटेसरीबाईंची महाग साधने परवडत नव्हती. त्या जागी बिया, शिंपले, पाने, खडे आले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री देऊन सरकारने गौरवले.

त्यांनी काय केले ते नीट लक्षात घ्या. "तू या जातीचा शिकणारा, तू त्या जातीचा" अशी मुलांची वाटणी त्यांनी केली नाही. मूल कोठे आहे ते पाहिले, आणि शाळेने आपली जागा, वेळ, भाषा आणि साधने बदलली.

हीच दृष्टी पुढे दुसऱ्या रूपाने आली. १९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेने मुलांना इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे बसवण्याची रीत रुजवली. मुलाला अक्षर येते का, शब्द येतो का, सोपा परिच्छेद येतो का, गोष्ट वाचता येते का, एवढेच तोंडी पाहायचे. मग चौथीचे असो की पाचवीचे, जे मूल शब्दांवर अडले आहे त्याला रोज काही वेळ शब्दांच्या गटात शिकवायचे आणि पुढे गेले की गट बदलायचा. या संस्थेने मुंबईत व बडोद्यात मागे पडलेल्या मुलांसाठी बालसखी नेमल्या होत्या. त्या बालसखी आपल्यासारख्याच वस्तीतल्या तरुण मुली होत्या. त्या कामाची काटेकोर तपासणी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि मुलांना खरोखर लाभ झाल्याचे २००७ साली प्रसिद्ध केले. या दोघांना पुढे २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. येथे गट असतो तो मुलाच्या स्वभावाचा नव्हे, तर आजच्या पायरीचा, आणि पायरी बदलते.

आता परीक्षेकडे येते, कारण खरी ठेच तेथेच लागते.

आपले जालना बियाण्यांसाठी देशभर ओळखले जाते. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्या सांगतील की, सोयाबीन पेरण्याआधी घरच्या बियाण्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि काही दिवसांनी किती उगवले ते मोजतात. सत्तर किंवा अधिक उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरतात. कमी उगवले तर बियाणे वाढवतात नाही तर बदलतात. आणि खळे झाल्यावर मोंढ्यात काट्यावर माल मोजला जातो, तेही मोजणेच. दोन्ही हवीत. परंतु पहिल्या मोजणीने पुढे काय करायचे ते कळते. दुसरीने जे झाले ते कळते. आपण मुलांच्या बाबतीत फक्त मोंढ्याचा काटा लावतो.

कायद्याने मात्र तसे म्हटलेले नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच वर्षी २० ऑगस्टला महाराष्ट्र शासनाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा निर्णय काढला. त्यात वर्षभर चालणाऱ्या मोजणीला आकारिक आणि सत्राच्या शेवटच्या मोजणीला संकलित असे म्हटले. आकारिकासाठी आठ साधने दिली: रोजचे निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. पहिली-दुसरीला शंभरापैकी सत्तर गुण आकारिकाचे ठेवले. तिसरी-चौथीला साठ, पाचवी-सहावीला पन्नास, सातवी-आठवीला चाळीस. म्हणजे लहान मुलाचे शिकणे एका दुपारच्या कागदावर तोलू नये, हे त्यामागचे तत्त्व होते. पुढे २०२३–२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली. म्हणून तर वर्षभराची तपासणी अधिकच गरजेची झाली आहे.

एका मापाने मोजले की काय होते, याचे एक चांगले उदाहरण सांगते. २०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात भारतातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिल्ली व कोलकात्याच्या बाजारांत भाजीपाला विकणाऱ्या चौदाशेंवर मुलांचे हिशेब त्यात तपासले. ही मुले मापाचा, दराचा, सुट्या पैशांचा हिशेब तोंडी झटपट करीत. पण तसेच गणित शाळेच्या रीतीने कागदावर मांडले की त्यांतील बहुतेक अडत. दुसऱ्या बाजूला, नुसते शाळेत जाणाऱ्या मुलांना कागदावरचे येई, पण बाजारातला हिशेब जमत नसे. आता यांतले हुशार कोण? कागदच काढला तर एक ठरेल, तराजू हाती दिला तर दुसरे ठरेल. दोन्ही मुलांना अर्धे येते आणि दोघांनाही उरलेले अर्धे देणे हे शिक्षकाचे काम आहे.

येथे एक गैरसमज होऊ नये. मुलगी तोंडी चांगली सांगते म्हणून तिचे लेखन सोडून द्यावे, असे मी म्हणत नाही. सातबारा, औषधाची चिठ्ठी, बँकेचा कागद वाचल्या-लिहिल्यावाचून आज बाईचे चालत नाही. तोंडी विचारायचे ते यासाठी की, अडचण समजण्यात आहे की लिहिण्यात, हे कळावे. माझ्या वर्गात एक मुलगी अपूर्णांकाची उदाहरणे सतत चुकवीत असे. तिला एक भाकरी दिली आणि तिघी बहिणींत वाटायला सांगितली. तिने वाटली, आणि एकीने आपला वाटा पुन्हा दोघींत वाटला तर काय होईल, तेही सांगितले. समज पक्की होती, फक्त तिरप्या रेघेच्या वर काय आणि खाली काय ते उलटे होत होते. रेघेची चूक पंधरा दिवसांत सुधारली. नुसता पेपर पाहिला असता, तर "अपूर्णांक येत नाहीत" एवढेच कळले असते.

आता आपण काय करावे? मंडळाच्या हातात पुष्कळ आहे, आणि त्याला फार पैसा लागत नाही.

पहिले, पालकसभेला जाल तेव्हा "कितवा नंबर?" हे विचारू नका. "हिला काय येते, कोठे अडते आणि पुढची पायरी कोणती?" हे तीन प्रश्न विचारा. प्रगतिपत्रकावर वर्णनात्मक नोंदी असतात, त्या वाचून घ्या. सगळ्या मुलांच्या पत्रकावर तेच वाक्य उतरलेले असेल, तर शांतपणे पण जरूर विचारा.

दुसरे, घरी "पुन्हा वाच, पुन्हा वाच" एवढेच म्हणू नका. पुस्तक मिटवून "काय वाचलेस ते मला सांग" असे म्हणा. २००६ साली अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी याची परीक्षा घेतली. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवत होते. पण आठवड्यानंतर पाहिले तर पुस्तक मिटून आठवणारे पुढे होते. थोरला दहादा वाचूनही का विसरतो, याचे उत्तर बहुधा यात आहे. आणि ऐकणारी आई शाळा शिकलेली नसली तरी चालते. उलट तिला समजावून सांगताना मुलाचे अधिक पक्के होते.

तिसरे, शनिवारी दुपारी आपल्या मंडळाच्या जागेत आजूबाजूच्या मुलांचा वाचनवर्ग चालवावा. इयत्ता न पाहता अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे चार गट करावेत. एकच गोष्ट एकीने सांगावी, मुलांनी वाचावी, चित्रात काढावी, नाटक करून दाखवावी, शेवटी दोन ओळी लिहाव्यात. तांड्यावरची मुलगी असेल तर तिला आधी आपल्या बोलीत सांगू द्यावे; तिच्या बोलीला हसणाऱ्याला तेथेच थांबवावे.

चौथे, वर्षातून एकदा या मुलांचे डोळे व कान तपासून घ्यावेत. आणि अक्षरांशी सतत झगडणाऱ्या मुलाच्या आईबरोबर, प्रमाणपत्राच्या कामासाठी, मंडळातील दोघींनी सोबतीला जावे. सरकारी दवाखान्यात एकटी बाई संकोचून परत येते; तिघी गेल्या की काम होते, हा तुमचा-माझा अनुभव आहे.

भगिनींनो, आपण एकाच घरात म्हाताऱ्यांना मऊ भात, लेकुरवाळीला डिंकाचा लाडू आणि शेतावरच्या माणसाला भाकरी-ठेचा वाढतो. त्याला कोणी पक्षपात म्हणत नाही, कारण पोट सर्वांचेच भरायचे असते. शाळेतही शेवटी सर्वांनाच वाचता, लिहिता, हिशेब करता आणि विचार करता यायला हवे. त्यात कोणाला सूट नको आणि कोणी वगळायलाही नको. तेथे पोचायला कोणाला किती वेळ, कोणती भाषा, कोणते साधन लागते, एवढेच वेगळे.

शनिवारच्या वर्गासाठी दोन तास द्यायला मी तयार आहे. आणखी तिघी-चौघींनी आज सभा संपल्यावर चिटणीसबाईंकडे नावे दिली, तर येत्या शनिवारीच आरंभ करता येईल.